विद्यापीठाला दाखवलेली विहीर

लातूरच्या कलेक्टर ऑफिसबाहेर, बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या सरपंचांनी एका मिनिटात नऊ वेळा पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मांडीवर नव्या विद्यापीठाच्या जागेचा फॉर्म होता. पलीकडे त्यांची बायको बसली होती.

“लिवा की आता. तीन महिने झाले, पाण्याचा रकाना तेवढा कोरा हाय.”

“बारमाही विहीर, असं लिवतो.”

“होळीला तळ दिसतो तिचा.”

“जागा बघायला कमिटी आली तवा काठोकाठ होती.”

“आदल्या दिवशी चार टँकर कुणी ओतले?”

“हळू बोल गं, कस्तुरे! शेजारच्या बाई ऐकायल्यात.”

“ऐकू द्या. गावाला ठावं हाय, कमिटीलाच न्हाई.”

“अगं, आपली ऋतुजा रोज दोन एसट्या बदलून कॉलेजला जाती. विद्यापीठ दारात आलं तर नको का तुला?”

“मला लई हवंय. पण हजार पोरी राहायला येतील. उन्हाळ्यात अंघोळीला त्यांना काय देणार, तुमची सही?”

“सरकार पाईपलाईन आणील.”

“लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तवाबी तुमी हेच म्हणला होता.”

“अन् जागा दुसऱ्या गावाला गेली तर? लोक मला उभं करतील का पुन्हा निवडणुकीला?”

“न्हाई करणार.”

एवढ्यात दार उघडलं. शिपायानं विचारलं, “सरपंच सटवाजी कोण? साहेब विचारतायत, विहिरीला पाणी बारमाही असतं का?”

सरपंच उठून दारात गेले.

“न्हाई, साहेब. शिमग्यापर्यंतच असतं. त्या दिवशी टँकर मीच ओतवले होते.”