घराण्याची रणधून

(मूर्तिकाराची कामाची खोली. मधोमध ओल्या फडक्यांत गुंडाळलेला मातीचा पुतळा. समोर खुर्चीवर म्हातारी आत्या. तिचा निवृत्त पुतण्या उभ्याने बोलतो आहे.)

पुतण्या : ...आणि म्हणूनच मी सांगतो, माघार आमच्या रक्तात नाही! चार पिढ्या झाल्या, या घराण्यातला पुरुष एक पाऊल मागे सरलेला नाही!

मूर्तिकार : साहेब, जरा मागे सरा. बादलीत पाय जाईल.

पुतण्या : अरे बापरे. सरलो.

मूर्तिकार : हं. आजी, आता फडकी काढतो, नीट बघून घ्या. दुपारी साचा घेणारे येतायत. एकदा प्लास्टर चढलं की नाकसुद्धा हलवता येणार नाही.

पुतण्या : आत्या, तू फक्त ‘हेच माझे आजोबा’ एवढं म्हणायचं. समितीची अट आहे. त्यांचा फोटो नाही, चित्र नाही. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं जिवंत माणूस तू एकटी. तू हो म्हणालीस तर चौकात पुतळा. नाही म्हणालीस तर कारंजं.

आत्या : कारंजं वाईट नाही.

पुतण्या : आत्या!

आत्या : बरं बाबा. काढ रे फडकी... हे कोण?

पुतण्या : तुझे आजोबा! माझे पणजोबा!

आत्या : वरचे की खालचे?

मूर्तिकार : खालचा घोडा आहे, आजी.

आत्या : घोड्यावर? आजोबा? अरे, घोडागाडीतसुद्धा ते घोड्याकडे पाठ करून बसायचे.

पुतण्या : पण लढाईत...

आत्या : लढाईत पायीच. जाताना चालत, येताना पळत.

पुतण्या : पळत म्हणजे शत्रूच्या मागे.

आत्या : शत्रूच्या पुढे.

मूर्तिकार : निदान ही तलवार तरी?

आत्या : तलवार कुठे धरणार? बिगुलवाले होते ते.

पुतण्या : तेच तर! त्यांनी चढाईचा बिगुल फुंकला आणि अख्खी तुकडी वाचली. पदक मिळालं. बाबा नेहमी सांगायचे.

आत्या : तुझा बाप माझा सख्खा भाऊ, पण गोष्ट निम्मी झाली की त्याला झोप लागायची. उरलेली मी ऐकायची.

मूर्तिकार : उरलेली काय होती, आजी?

आत्या : कप्तानानं हुकूम सोडला, चढाई वाजव! आजोबांनी बिगुल तोंडाला लावला, आणि वाजली जेवणाची धून.

पुतण्या : जेवणाची?

आत्या : अरे गुंड्या, चढाई वर्षातून एकदा, जेवण दिवसातून दोनदा. हात कशावर बसणार? त्यात भीतीनं तोंडाला कोरड पडलेली. तुकडी आदल्या दिवसापासून उपाशी. धून ऐकली आणि सगळे खंदकातून निघून थेट भटारखान्याकडे! कप्तान बोंबलतोय, पण भुकेपुढे कप्तान म्हणजे काय? त्यांची पाठ वळते न वळते तोच खंदकावर तोफेचे गोळे. नंतर तिथं नुसती धूळ.

मूर्तिकार : आणि जेवण?

आत्या : जेवण नव्हतंच. चूल थंडगार. आजोबांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग कुणीतरी मागे वळून खंदकाकडे पाहिलं, आणि शिव्या देणारेच आजोबांच्या पाया पडले.

पुतण्या : पण पदक तर दिलं ना?

आत्या : दिलं. कप्तानही ओरडत ओरडत त्यांच्यामागे पळाला होता, म्हणूनच वाचला. शिक्षा करायची तर आपण त्या वेळी कुठे होतो ते सांगावं लागलं असतं. पदक सोपं पडलं.

पुतण्या : थांब. ती धून कुठली?

आत्या : तुझा बाप ताटावर बसण्याआधी मुठीतून फुंकायचा, तीच.

पुतण्या : ती आमची रणधून आहे!

आत्या : ताटावर?

पुतण्या : मला वाटायचं, आपल्याकडे जेवणसुद्धा शौर्यानं करतात! आत्या, मी ती शाळेच्या बँडकडून बसवून घेतलीय. अनावरणाला तीच वाजणार आहे!

आत्या : वाजू दे की. लोक वेळेवर जेवतील.

पुतण्या : माझ्या निवृत्तीच्या समारंभातही वाजवली होती. भाषण ऐन रंगात आलेलं. मागच्या रांगेतले माजी सैनिक ताडकन उठले आणि पंगतीकडे गेले. मला वाटलं, भारावले.

मूर्तिकार : भारावलेच असतील, साहेब. भाषण किती वेळ चाललं होतं?

पुतण्या : आत्या, हात जोडतो. हे बाहेर बोलू नकोस. घोडा राहू दे, तलवार राहू दे, तू नुसतं ‘हेच’ म्हण. मी जन्मभर या माणसाच्या जोरावर जगलोय. कचेरीत वरिष्ठ अंगावर आला की मी पणजोबांना आठवायचो.

आत्या : आणि मग त्याला सुनवायचास?

पुतण्या : नाही. पण आठवायचो.

आत्या : मग आता मी सांगते ते आठव. मी परकरी पोर होते तेव्हा दर वर्षी आमच्या दारात त्या तुकडीतले म्हातारे यायचे. कुणी काठी टेकत, कुणी लेकाच्या खांद्यावर हात ठेवून. मागे नातवंडांचं हे लेंढार! आजोबांपुढे वाकायचे आणि म्हणायचे, ‘बिगुलवाले, ही बघा तुमची मंडळी.’ दिवसभर आम्ही पोरं अंगणात धुडगूस घालायचो आणि आजोबा नुसते बघत बसायचे. तलवारवाल्याच्या दारात कुणी अशी नातवंडं आणलेली मी तरी नाही पाहिली. हा घोड्यावरचा बाप्या मी ओळखत नाही, गुंड्या. याला आजोबा कशी म्हणू?

पुतण्या : घोडा काढा.

मूर्तिकार : घोडा? साहेब, त्या मानेवर माझा जीव जडलाय हो.

पुतण्या : मान तुम्ही घरी न्या. तलवारही काढा. त्यांना जमिनीवर उभं करा, साध्या शिपायाच्या कपड्यात. तोंडाला बिगुल.

मूर्तिकार : मग साचेवाल्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणतो. आणि आजी, मिशा?

आत्या : कधी धड फुटल्याच नाहीत त्यांना. पण राहू देत. फार हौस होती.

पुतण्या : आता तरी हो म्हणशील?

आत्या : बिगुल दिसू दे. समितीपुढे येऊन म्हणेन, ‘हेच.’

पुतण्या : मग ऐका! अनावरणाला मी छाती ठोकून सांगणार! होय, आमच्या पणजोबांनी चुकीची धून वाजवली! आणि मी तर म्हणतो, जगातल्या प्रत्येक रणांगणावर, प्रत्येक बिगुलवाल्यानं, ऐन चढाईच्या क्षणी...

मूर्तिकार : साहेब, एक विनंती होती.

पुतण्या : बोला! आज काहीही मागा!

मूर्तिकार : बोलायचं थांबून जरा गाल फुगवून धराल? फुंकणारा चेहरा मला बघून करावा लागेल.