काकांनी पूल सोडला

नको यार, शेंगदाणे तुम्हीच खा. अंबरनाथ पूर्वेला मिलिंदच्या घरी आम्ही दोस्त कॅरमबोर्डावर एकाहत्तरची लढाई खेळायचो. खडूने नदी आणि पूल काढायचा, शेंगदाणे म्हणजे सैनिक. मेलेला सैनिक मारणाऱ्याने खायचा, असा आमचा रूल. एकदा मिलिंदचे पप्पा माझ्यासमोर खेळायला बसले. ते त्या लढाईत खरोखर लढलेले. त्यांचे दोन दाणे पुलावर अडकले, तर त्यांना मागे घेऊन त्यांनी पूलच सोडून दिला.

मी खिदळलो, "काय काका, दोन दाण्यांसाठी अख्खा पूल सोडलात?"

"तेव्हा नव्हता सोडला, बाळा," ते म्हणाले आणि दोन्ही दाणे उचलून खिशात ठेवले.

माझ्या तोंडात त्यांचाच एक सैनिक होता. गिळवेना, थुंकवेना.