रडण्याचा पेपर

...नाही, पण मी म्हणतो, पूल बांधायला रडता कशाला यायला हवं? तुम्हीच सांगा! आमचा भाचा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, काँक्रीट म्हणजे जीव की प्राण, परमुलखात पूल बांधायची नोकरी हातात आलेली, फक्त पदवी दाखवायची... आणि कार्यालयातला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणतो, "कलाविषय राहिलाय तुमचा. त्याशिवाय पदवी नाही." कुठल्या विषयात जागा आहे? "तत्त्वज्ञान भरलं, इतिहास भरला, चित्रकला पहिल्याच दिवशी भरली. नाटक आहे. घेताय?" घेताय म्हणजे काय, न घेऊन सांगतो कोणाला!

नाटकाच्या बाई एवढ्याशा, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला उठून हजेरी देतो. परीक्षेला प्रसंग दिला : मुलगा घर सोडून निघालाय, आई दारात. "आणि डोळ्यांत पाणी हवं हं! खरं!" अहो, हा पोरगा लहानपणी हात मोडला तेव्हाही रडला नव्हता, उलट डॉक्टरांना म्हणाला, "नेमका कुठे मोडलाय, दाखवा ना!" त्याला म्हणे रड! पूल बांधायला रडू कशाला लागतं हो?

पण तुम्हाला सांगतो, पठ्ठ्या हट्टाला पेटला! कांदे कापले... खोलीतला जोडीदार ढसाढसा, हा कोरडा ठणठणीत. डोळ्यांखाली बाम लावला, डोळे लाल, पाणी नाही. मग रोज आईला फोन. आमची ताई कपडे शिवते. मशीन चालवता चालवता आईची वाक्यं म्हणायची, वर ओरडायची, "अरे, भाव आण! टॅक्सीवाल्याला पत्ता सांगतोयस का?"

परीक्षेला ताई मुद्दाम आली, माझ्या शेजारी बसली. पडदा सरकला, आईचं काम करणारी मुलगी दारात उभी राहिली, आणि आमचे चिरंजीव... सगळं विसरले! तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय. मला घाम फुटला! एवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. बघतो तर ताई उभी! "अगं, बस खाली!" कसली बसते! तरातरा स्टेजवर गेली, त्या मुलीला म्हणाली, "सर गं बाळा जरा," आणि दारात उभी राहिली. "निघालास? नीघ मग. मागे वळून बघू नकोस. बघितलंस तर माझ्याच्यानं पाठवणं व्हायचं नाही."

पोराने तिच्याकडे पाहिलं... आणि असा रडला, असा रडला, की वाक्यं आठवली तरी हुंदक्यांत कोणाला कळायला! टाळ्या झाल्या, हा रडतोच आहे. बाई म्हणतायत, "पुरे, पास तुम्ही, पास! पुढच्याची परीक्षा आहे!" ताई घाबरली, "अरे वेड्या, मी नाटक करत होते!"

"मी नव्हतो करत," तो म्हणाला.

झालं! मग तीही. दोघांना स्टेजवरून उतरवता उतरवता बाईंनीही डोळे पुसले. आणि मी? मी म्हणत होतो, पूल बांधायला... जाऊ दे, माझा रुमालच सापडेना.

दुसऱ्या दिवशी स्वारी ऐटीत कार्यालयात. क्लार्क म्हणाला, "अभिनंदन! हा पहिला झाला. दुसरा कधी घेताय?"

"दुसरा?"

"दोन लागतात. नियम मागच्या पानावर आहे. आता फक्त नृत्यात जागा आहे."

पोराने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि तिथल्या तिथे नाव घातलं. बाहेर येऊन मला फोन : "मामा, नाचतो. पण एक कर... आईला सांगू नकोस."