बोलावण्याचं पत्र

दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या सासरा-सुनेचं बोलणं पडत होतं. परदेशातल्या लेकीकडे जायला सासऱ्यांना व्हिसा हवा होता, आणि सून मोबाईलवर अर्ज भरत होती.

“बाबा, ताईंचं बोलावण्याचं पत्र लागतंय.”

“आमचा अबोला आहे, ठाऊक आहे ना? वकिलातीत गेलो असतो, तर साहेबाच्या पाया तरी पडलो असतो.”

“मोबाईलच्या पाया पडून काय होणार? पत्राशिवाय घोडं पुढे जात नाही.”

“मग राहू दे.”

“मी मागते ना. दर रविवारी बोलतो आम्ही, तुम्हाला चोरून.”

“माहितेय. दाराआड उभा असतो मी.”

“…लावू फोन?”

“लाव. आवाज मोठा ठेव.”

तेवढ्यात नर्सने शिंपीणबाईंना हाक मारली. दाढ ठणकत होती, तरी त्यांनी मागच्या माणसाला आत पाठवलं.