खाजणातला कंदील

जावईबापू, तो टॉर्च बंद करा बघू. डोळ्यांवर येतो. हं, ऐका आता. गोष्ट उजेडाचीच आहे.

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. धाकू खारवी रात्रभर जाळी ओढून सकाळी घरी आला, तर लेकीला कळा सुरू झालेल्या. दिवस गेला, पोर अडलेलीच. सुईण पलीकडच्या गावात. अंधार पडला तशी बायको म्हणाली, "अहो, लेक हातची जाईल! येसूआईला घेऊन या." पाठ टेकायलाही मिळाली नव्हती बिचाऱ्याला. पण लेक ती लेक! उठला, कंदील घेतला आणि धक्क्याकडे निघाला.

तेव्हाची रीत सांगते. दिवसा धक्क्यावरून पांढरा बावटा हलवायचा, रात्री कंदील. आपण आडवा हलवायचा. मग पलीकडून बाळकोजी होडीवाला आपला कंदील खालीवर करायचा. म्हणजे, बघितलं, येतो. मग जागचं हलायचं नाही.

धाकूने कंदील आडवा हलवला. काही नाही. परत हलवला. तशी समोर उजेड दिसला. आडवा हलणारा!

आडवा, कळलं का? बाळकोजी कधी आडवा हलवील? पण दमलेल्या माणसाला कुठलं आडवं नि कुठलं उभं! धाकूला वाटलं, होडी गाळात रुतली असेल, मला बोलावतोय. ओहोटी होतीच. उतरला खाजणात, खाडीकाठच्या त्या चिखलात.

चालतोय, चालतोय. हा चार पावलं पुढे, तर उजेड चार पावलं मागे. "बाळकोजी, थांब रे बाबा, माझ्यात त्राण नाही!" उजेड थांबेना. मग त्या उजेडाशेजारी पांढरा बावटा हलायला लागला. अगं बाई! रात्री कुणी बावटा हलवतं?

आणि मग हाक आली. "बाबा, लवकर या, मला सोसवत नाही." लेकीचा आवाज! घरी अडलेली लेक खाजणात कुठून येणार? तेव्हा कुठे धाकूच्या अंगावर काटा आला. वळायला गेला, तर गुडघ्यापर्यंत गाळ आणि वरून भरती लागलेली. मदतीला त्याने कंदील उंच केला. समोरचाही उंच! खाली केला. तोही खाली!

"मेला माझीच नक्कल करतोय!"

पाणी कमरेला आलं. धाकूला रडू फुटलं. भ्यायलासुद्धा बळ लागतं, तेही उरलं नव्हतं. "कर काय करायचं ते," म्हणाला, आणि फुंकर मारून कंदील विझवला.

तर समोरचाही विझला! नक्कलच ती, दुसरं काय करणार?

मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात, पार डावीकडे, एक बारीकसा उजेड पाण्यावरून येताना दिसला. खालीवर, खालीवर. खरा बाळकोजी! केव्हापासून उत्तर देत होता, पण डोळ्यांपुढच्या झगमगाटात तो दिसलाच नव्हता. धाकू जीव खाऊन ओरडला, "बाळकोजी होऽऽ!"

पाणी छातीला लागलं तेव्हा होडी पोचली. बाळकोजीने बखोटीला धरून वर ओढला. होडीत येसूआई बसलेली! बाळकोजी म्हणाला, "तुझ्या लेकीचे दिवस भरलेत हे अख्ख्या खाडीला ठाऊक. कंदील हलला तसा सुईणीलाच उठवलं. पण तू खाजणात कुठे रे निघालास?"

धाकू हुंदके द्यायला लागला. येसूआई खेकसली, "रडतोस काय? वल्हं धर!"

पहाटे लेक सुटली. धाकूला नात झाली. ती ही तुमच्यापुढे बसलीय, दात पडलेली.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर खाजणाची वाट धरू नका. लांब पडलं तरी पुलावरून जा. होडी कधीच बंद झाली. पलीकडे कंदील घेऊन बसणारं आता कुणी नाही.

जावईबापू, मघाशी अंगणातून तुम्ही टॉर्च हलवत होतात. खाजणाकडून कुणीतरी उजेड हलवला म्हणालात ना? आडवा की खालीवर?

बंद करा म्हणते ना तो!