उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

मी, खाली सही करणारी, वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची दुसरी गल्ली, तळमजला, आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती, वय ६६ वर्षे, असे दोघेच सव्वीस वर्षांपासून राहतो. मुलगी लग्न होऊन परगावी असते.

माझे पती एका वाहतूक कंपनीत ट्रकांच्या डिझेलचा हिशोब बघत. किती लिटरमध्ये किती किलोमीटर झाले एवढ्यावरून ते डिझेल चोरणारा ड्रायव्हर खुर्चीत बसून ओळखत. निवृत्त झाल्यावर आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीमागे लागले. पेट्रोल भरले की वहीत नोंद, मगच जेवण.

गाडी लिटरला अठरा किलोमीटर देत होती. सहा महिन्यांत हे अ‍ॅव्हरेज पंधरावर आणि मग साडेबारावर आले. वहीत त्यांनी आकडे खरेच लिहिले आहेत. नवी गाडी घ्यावी म्हणून त्यांनी पेट्रोल, डिझेल, गॅस व बॅटरी अशा चार गाड्यांचा किलोमीटरमागे खर्च काढला. बॅटरीची स्वस्त पडत होती, पण आमचे रोजचे फिरणे इतके थोडे की तिची किंमत या जन्मात वसूल होणार नाही, असे ते म्हणाले. मी म्हणाले, "गाडी म्हातारी झालीय, तुमच्यासारखी. तुम्हाला बदललं का मी?" ते हसले. निदान मला तसे वाटले.

सोमवारी आम्ही दोघे गाडी मेकॅनिककडे घेऊन गेलो. त्याने मला बाजूला बोलावून सांगितले, "काकू, इंजिन ठणठणीत आहे. काका कुठेतरी गाडी चालू ठेवून तासन्‌तास बसत असणार. गाडी जागेवर आणि पेट्रोल जळतंय."

माझ्या मनात नाही नाही ते आले. घरी येऊन मी विचारले, "कुठं जाऊन बसता? कोणाकडे?" ते म्हणाले, "सिग्नलला थांबावं लागतं." मी म्हणाले, "मग थांबलात की इंजिन बंद करत जा. पेट्रोल काही नळाला येत नाही." दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

काल बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता मी त्यांना अस्तराचे कापड आणायला पाठवले. दुकान गाडीने दहा मिनिटांवर आहे. दुकानदार म्हणतो, कापड घेऊन ते दहाच्या आत निघाले. ते घरी आले नाहीत. फोन घरीच चार्जिंगला होता. मी व शेजाऱ्यांनी दुकानापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर दोनदा शोधले.

त्यानंतर मी वही उघडली. शेवटच्या पानांवर त्यांनी नकाशे काढले आहेत. दुकानापासून घर, दवाखान्यापासून घर, बँकेपासून घर. प्रत्येक वळणावर खूण, आणि टाकीमागच्या चौकोनात "आपलं घर" असे लिहिले आहे. वही घरीच राहिली होती. ते रस्ता विसरतात हे मला काल दुपारी तीन वाजता कळले. रस्ता आठवेपर्यंत ते गाडी चालू ठेवून बसत होते आणि मी त्यांच्यावर संशय घेतला.

वहीप्रमाणे काल गाडीच्या टाकीत बारा लिटर पेट्रोल होते. काल संध्याकाळी मी फोन केल्यावर हवालदारांनी त्यावरून, लिटरला अठरा धरून, दोनशे किलोमीटरपर्यंतच्या नाक्यांना कळवले आहे. माझे म्हणणे असे की, ते लांब गेलेले नाहीत. ते भरकटत जात असते तर अ‍ॅव्हरेज पडलेच नसते. ते थांबतात. आतल्या गल्ल्या, बंद गोदामे, मैदानाच्या कडा बघाव्यात. चालू इंजिनचा आवाज ऐकत फिरू नये. मी सांगितले म्हणून त्यांनी ते बंद केले असणार. गाडीत पाणी नाही आणि काल ऊन फार होते.

माझा कोणावर संशय नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. त्यातले "रस्ता विसरतात" हे शब्द खोडावेत अशी मी विनंती केली, कारण हे त्यांनी माझ्यापासूनही लपवले होते आणि घरी आल्यावर ते हा कागद वाचायला मागतील. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, ते शब्द नसतील तर शोधणाऱ्यांना काय सांगायचे. म्हणून ते राहू दिले आहेत व खाली सही केली आहे.