मांजराची माती

मी कुंडलची. माझं माहेर म्हंजे चारी बाजूंनी ऊस आन् मधी आमी, आन् आमच्यात मांजरं किती हे कुणी कवा मोजलं न्हाई, कारण मांजर मोजाया ते जाग्यावर बसाय लागतं. आता तुमीच सांगा, तवा मांजर कुटं जातं, काय करतं, हे कुणी इचारायचं का? ते आपलं उसात जायचं, माती उकरायचं, काम उरकायचं, वर माती लोटायचं, आन् असं तोंड करून परत यायचं की जणू देवदर्शनच करून आलंय. माझी आई म्हणायची, शेण असतं तर सारवाया तरी झालं असतं, ह्येचं काय करायचं, झाकलंय तेच बरं. मी म्हणायची, व्हय. संपला इषय. आमच्या घराचा आन् मांजराच्या घाणीचा संबंध एवढाच.

मग लगीन होऊन मी कराडजवळच्या मलकापुरात आले. आमच्या मालकांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज हाय, पुढं गॅरेज आन् मागं दोन खोल्या, म्हंजे सासरी आल्यापास्नं माझ्या नाकाला आइलाचाच वास. पोरगी झाली, रुपाली, ती एकुलतीच. ती शाळंत जाय लागली तशी मी घरकामाला बाहेर पडले, आन् असं करत करत एका नव्या बिल्डिंगीत मॅडमकडं लागले. मॅडम कालिजात शिकवत्यात, एकट्याच राहत्यात, आन् त्यांची दोन मांजरं. ती मांजरं जन्मल्यापास्नं दाराबाहेर गेली न्हाईत. खिडकीला जाळी, बाल्कनीला जाळी, खायाला पाकिटातलं, प्यायाला गाळलेलं. पहिल्या दिवशी मी इचारलं, मॅडम, मग ही बाहेर कुटं... तर त्यांनी मला न्हाणीच्या शेजारचा कोपरा दाखवला. तिथं एक मोठा टब, आन् टबात माती. इकत आणलेली माती! वर तिला फुलाचा वास मारलेला. दुकानात तिला लिटर म्हणत्यात, मी मातीच म्हणते. कुंडलात येऊन कुणी सांगितलं असतं की माती इकत मिळती, तर लोकांनी त्येला झाडाला बांधून ठेवला असता.

पर माती हुशार हां. मांजर मुतलं की तेवढ्याचा घट्ट गोळा हुतो, बाकीची कोरडी. भोकाच्या पळीनं गोळा आन् घाण उचलायची, पिशवीत घालायची, गाठ मारायची. हे रोजचं. आन् अधनंमधनं सगळा टबच रिकामा करायचा, साबणानं धुवायचा, नवी माती भरायची. मॅडमनी एक गोष्ट मला बजावून सांगितली, ही माती मोरीत न्हाई टाकायची, संडासात न्हाई टाकायची. माझ्या आधीच्या बाईनं न्हाणीत ओतली हुती, ती आत जाऊन कणकीवाणी फुगली आन् खालच्या मजल्यावरल्या लोकांच्या न्हाणीत पाणी उलटं वर आलं. तवा मी लय जपून.

पर घंटागाडीवाला घेईना. मी पिशवी घेऊन गेले, त्यानं हातात तोलून बघितली, म्हणला मावशी, ही ओल्यात घालू का सुक्यात? मी म्हटलं, बाबा, ती ओली झाली तवा तर फेकाय आणली. तो म्हणला, माती आमी घेत न्हाई, बांधकामाचा माल आमच्या गाडीत न्हाई चालत. मी म्हटलं, आरं बांधकाम कसलं, मांजराचं हाय! गाडीमागं लटकलेला पोऱ्या हसाय लागला आन् गाडी गाणं म्हणत निघून गेली. मी आपली पाच-सहा किलोची पिशवी काखंत धरून रस्त्यात उभी.

आता बगा, गोळे नि घाण रोजच्या रोज निघालेली असती, तवा टबातली उरलेली माती दिसाया अशी स्वच्छ की फेकाय जीव हुईना. कुंडलचं रगात हो, आमच्यात उसाचं चिपाडसुद्धा फुकट जाळत न्हाईत. मी ती घरी आणली, पत्र्यावर उनात वाळत घातली, चाळली, आन् मोठ्या तेलाच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावून मागच्या खोलीत ठेवली. गॅरेजात आईल सांडलं की मूठभर टाकायची, घटकाभरात आईल पिऊन जमीन कोरडी. मालक तर खूश, म्हणले, मंगल, तुजी मांजरं लय कामाची निघाली. मी पण फुगले. त्या मातीवाणीच फुगले.

आन् मग रुपाली बाळंतपणाला आली.

तिला दिली शिराळ्याला. जावई मिलिट्रीत, लांब, तवा सगळा भरवसा आमच्या विहीणबाईंचा, आन् त्यांनी सातव्यात पोरीला आमच्या हातात देताना म्हटलं, आता तुमी जपा, माझी चीज हाय ती. बाईचा आवाज असा की एसटी स्टँडावरली माणसं वळून बघाय लागली. पोरीला डोहाळे लागलेले मातीचे. तुमाला म्हायती असंल, आमच्याकडं बायकांना लागत्यात, कुणी खापरी खातं, कुणी चुलीचा पोपडा, बाजारात भाजकी माती मिळती खायाची. पर कराडच्या डाक्टरीणबाईनं आधीच सांगितलेलं, हिच्या अंगात रगात कमी हाय, माती खायाची न्हाई. तवा मी ठाम. पोरगी मागं मागं फिरायची, आई, एक खडा. मी म्हणायची, एक रट्टा.

त्या दिवशी सकाळी मी मॅडमना हौसेनं सांगितलं, पोरगी आलीया, आता दोन महिन्यात आज्जी हुते. मॅडमना आनंद झाला, आन् लगेच त्यांचं तोंड बारीक झालं. म्हणल्या, मंगलताई, तिला हिकडं आणू नका हां, ह्या मातीला तिचा हात लागाय नको, मांजराच्या घाणीत एक रोग असू शकतो, मोठ्या माणसाला काय हुत न्हाई, पर पोटातल्या बाळाच्या डोळ्यावर जातो, मेंदूवर जातो. मी हसले, देवाशपथ हसले. म्हटलं, मॅडम, माझी लेक माहेरपणाला आलीया, मांजराचा टब धुवाया न्हाई.

दुपारी घरी आले. उंबऱ्यात चप्पल काढतीया तोवर आवाज आला. कुरूम. कुरूम. मी म्हटलं, फुटाणे खाती वाटतं. आत गेले तर पोरगी माझ्याकडं पाठ करून बसलेली.

काय खातीस गं?

काय न्हाई.

तोंड उघड.

न्हाई.

रुपे, तोंड उघड म्हणते ना!

उघडलं. जिभंवर राखाडी चिखल. काय सांगू तुमाला, बघताच वळखली, टबातली माती. कुटनं काढलीस म्हटलं, तर ही रुसून मलाच म्हणती, तू लपवून ठेवलेली की डब्यात, घट्ट झाकण लावून, माझ्यापास्नं! फुलाचा वास पण येतुया, पोटुशी बाईसाठी खास आणली आसंल आन् देत न्हाईस.

मी वरडले. असली वरडले की मालक हातात पाना घेऊन पळत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मी म्हटलं, साप परवडला असता हो, साप दिसतो तरी! तिला चुळा भराय लावल्या, जीभ माझ्या पदरानं पुसली, पोरगी रडतीया, आई काय झालं, सांग की. कसं सांगायचं? तुज्या आईनं मांजराची माती वाळवून, चाळून, जपून ठेवली आन् तू खाल्लीस? शेवटी सांगितलं. ती पोटावर हात ठेवून भिताडाला टेकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिक्षानं कराडला गेलो. डाक्टरीणबाईनं सगळं ऐकलं आन् चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढत्यात तवा मला लय भ्या वाटतं. किती खाल्ली? परवापास्नं चिमूट चिमूट, आज मूठभर. ती माती पोटात फुगली तर आतडं अडतं, हे एक भ्या. रोगाचं दुसरं. रगात घेतलं, तपासाया लांब पाठवलं, म्हणल्या आता वाट बघायची.

वाट बघणं म्हंजे काय ते मला इचारा. पोट दुखतंय का गं? न्हाई. परसाकडं झाली का? आई, गप की. बाळ हाललं का? आत्ता तर हाललं. परत हाललं का? मी भाकरी थापता थापता तिच्या पोटाकडं बघायची आन् भाकरी जळायची. दोन-तीन दिवसांत पोट मोकळं झालं, आतड्याचं भ्या सरलं, पर बाळाचं डोळं, बाळाचं डोळं, डोक्यात दुसरं काय न्हाई. त्यात शिराळ्यास्नं विहीणबाईंचा फोन, सूनबाई काय खाती? मी म्हटलं, भाजीभाकरी. त्या म्हणल्या, आन् आणखी? मी म्हटलं, आणखी काय न्हाई, आन् भाकरी जळतीया म्हणून फोन ठेवला.

मॅडमना सांगितलं. म्हटलं काढून टाकतील तर टाकू देत. त्या कालिजाला रजा टाकून माझ्याबरोबर डाक्टरीणबाईकडं आल्या, म्हणल्या माझी मांजरं कवा बाहेर गेली न्हाईत, कच्चं मटण खात न्हाईत, उंदीर त्यांनी फक्त मोबाइलवर बघितलाय. डाक्टरीणबाई म्हणल्या, मग भ्या कमी हाय, पर कमी म्हंजे न्हाई असं न्हवं.

रिपोर्ट आला तवा बाईंनी परत चष्मा काढला. मी मालकांचा हात धरला, लग्नानंतर चारचौघात पहिल्यांदा. बाई म्हणल्या, हिला हा रोग हाय. मला पुढचं ऐकूच येईना. त्या दोनदा बोलल्या तवा कळलं, आत्ताचा न्हवं, जुना, लय जुना, लहानपणी कवातरी हून गेलेला, तवाच अंगानं आतनं कुंपण घातलंय, नवा शिरलेला दिसत न्हाई, तवा बाळापातुर पोचायचं भ्या लय कमी. म्हणल्या, पोरगी लहानपणी मातीत खेळायची का, शेतातली भाजी न धुता खायाची का? मी म्हटलं, बाई, दर सुट्टीला कुंडलात असायची, मुळा उपटायची, फ्रॉकला पुसायची आन् खायाची. म्हंजे जे भ्या मी आज पदरात घेऊन बसले, ते माझ्याच माहेरच्या रानात कवाच येऊन, पोरीला शिवून गेलेलं, आन् मला पत्ता न्हाई!

तरी बाई म्हणल्या, बाळ झाल्यावर डोळे बघू. तवा भ्या काय गेलं न्हाई. उभं हुतं ते फक्त बसलं, पाट मागून घेतला त्यानं. डबा तर मी त्याच दिवशी रिकामा केला. आता माती दोन पिशव्यांत, हातमोजं घालून, गाठीवर गाठ. घंटागाडीवाल्याला मॅडमनी खाली येऊन सांगितलं, हे लेकरांच्या डायपरासारखं, वेगळं ठेवा, तवा तो घेतो. माझ्या हातातली पिशवी बघितली की म्हणतो, मावशी, बांधकाम कुटवर आलं?

आन् बाळ झालं. मुलगी. डाक्टरीणबाईनं बॅटरी धरून डोळं बघितलं, दुसऱ्या डाक्टरला दाखवलं, म्हणल्या सगळं ठीक हाय, घरी जावा. घरी आणली, तर मीच बॅटरी घेऊन बसते, हिकडं फिरवली की हिकडं बघती का, तिकडं फिरवली की तिकडं बघती का. रुपाली म्हणती, आई, पोरगी हाय ती, पोलीस चौकी न्हवं.

परवा बारशाला विहीणबाई आल्या. सगळ्या बायका भवतीनं. त्यांनी नात मांडीवर घेतली, उजेडाकडं नेली, न्याहाळून बघितली, आन् त्या एसटी स्टँडाच्या आवाजात म्हणल्या, आवं विहीणबाई, हिचं डोळं तर मांजरावाणी!

माझ्या हातातलं घुगऱ्याचं ताट खाली पडलं. रुपालीनं माझ्याकडं बघितलं, मी रुपालीकडं. विहीणबाई आपल्या खुशीत, म्हणल्या, आमच्यात हायत घारे डोळे, माझ्या सासूचे असेच हुते, अंधारात सुईत दोरा ओवायची म्हातारी. मग मी घुगऱ्या गोळा कराय खाली वाकले आन् वाकल्या वाकल्या रडून घेतलं, कुणाला कळलं न्हाई. मांजरावाणी असू देत, नायतर घुबडावाणी असू देत. दिसू दे माझ्या बाईला सगळं. लांबवरचं दिसू दे, जवळचं दिसू दे, आन् तुमच्या घरातल्या लेकराबाळांना पण दिसू दे.